बाळाची सुंता : करावी की नको?

माझी थोरली बहीण विंचूरला दिलेली आहे. निफाड तालुक्यातले हे गाव, लासलगावपासून जवळच. गेल्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो तेव्हा उन्हाळ कांदा चाळीत भरण्याची गडबड चालू होती, पण घरात कोणाचेच लक्ष कांद्यात नव्हते. भाच्याचा पाच महिन्यांचा मुलगा तापाने फणफणून नुकताच उठला होता. लघवी तपासली तेव्हा तीत जंतू सापडले होते. प्रतिजैविकांनी ताप उतरला. पण बाळाला तपासताना त्याच्या लिंगाच्या टोकावरची कातडी मागे सरकत नाही असे डॉक्टरांना दिसले. त्यांनी चिठ्ठीवर 'फायमोसिस' असा शब्द लिहिला आणि सुंता करून घ्या, असा सल्ला दिला.

त्या एका शब्दाने घरात दोन तट पडले. अक्काचे म्हणणे, "आपल्यात असलं काही करत नाहीत. पोराच्या अंगावर दुसऱ्यांची खूण कशाला?" भाच्याचे म्हणणे, डॉक्टर सांगतात तर करून टाकावे. सूनबाई गप्प होती. बाळाला फार दुखेल का, एवढेच तिने मला हळूच विचारले.

संध्याकाळी शेजारचे निवृत्त मास्तर येऊन बसले. त्यांच्या नातवाची सुंता त्याच महिन्यात करायचे चालले होते. त्यांच्यापुढे 'करावी की नको' हा प्रश्नच नव्हता. पूर्वीप्रमाणे न्हाव्याला घरी बोलवावे की नाशिकच्या दवाखान्यात जावे, एवढाच त्यांचा पेच होता. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन तान्ही मुले, शस्त्रक्रिया एकच, आणि प्रश्न मात्र अगदी निराळे.

"मामा, तुम्ही एवढे शास्त्रज्ञ. तुम्हीच सांगा," भाचा म्हणाला. मी जीवशास्त्राचा संशोधक, शल्यचिकित्सक नव्हे. तरी विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवता येईना. पुढच्या काही दिवसांत जे वाचले आणि डॉक्टर मित्रांकडून समजून घेतले ते इथे मांडतो. गावात असा प्रश्न डॉक्टरांच्या खालोखाल विज्ञानाच्या शिक्षकांनाच विचारला जातो.

आधी त्या चिठ्ठीवरच्या शब्दाकडे पाहू. लिंगाच्या टोकावरील बोंडाला झाकणाऱ्या दुपदरी कातडीला अग्रत्वचा म्हणतात. सुंता म्हणजे ही अग्रत्वचा कापून काढणे. गर्भात अग्रत्वचेचा आतला पदर आणि बोंड यांवर पेशींचा एकच सामाईक थर असतो. म्हणजे कातडी बोंडाला नंतर 'चिकटलेली' नसते, ती मुळात सुटलेलीच नसते. जन्मानंतर या थरातील पेशी हळूहळू झडतात, मध्ये पोकळी तयार होते आणि दोन पृष्ठभाग वेगळे होतात. झडलेल्या पेशींचे पांढरे दाणे कधी कधी कातडीखाली दिसतात आणि आईबापांना तो पू वाटतो. लघवी करताना टोकाचा भाग क्षणभर फुग्यासारखा फुगतो, तेही अनेकदा या सुटण्याच्या काळातलेच लक्षण असते. लघवीची धार नीट पडत असेल तर त्याची चिंता नको.

हे सुटणे किती वेळ घेते? डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९४९ मध्ये याची मोजणी प्रसिद्ध केली. अग्रत्वचा पूर्ण मागे सरकते अशी मुले जन्माच्या वेळी १०० पैकी फक्त ४, सहाव्या महिन्यात २०, वर्षाची झाल्यावर ५० आणि तिसऱ्या वर्षी ९० आढळली. डेन्मार्कमध्ये याकोब ऑस्टर यांनी शाळकरी मुलांची वर्षानुवर्षे तपासणी करून १९६८ मध्ये दाखवले की गेर्डनरचे आकडेही जरा घाईचे होते. सहा-सात वर्षांच्या ६३ टक्के मुलांत कातडी कुठे ना कुठे अजून जोडलेली होती. सोळा-सतराव्या वर्षी हे प्रमाण ३ टक्क्यांवर आले होते, आणि तेही बहुतेक आपोआप.

आता पाच महिन्यांच्या बाळाकडे परत या. या वयात पाचांपैकी चार मुलांची कातडी मागे जात नाही. जे पाचांपैकी चौघांत असते त्याला रोग म्हणायचे तर उरलेल्या एकालाच निरोगी म्हणावे लागेल! खरा फायमोसिस निराळा. त्यात टोकाशी पांढरट, घट्ट व्रणासारखे कडे तयार होते. तो तान्ह्या मुलांत विरळा, आणि मोठ्या मुलांतही पुष्कळदा स्टेरॉइडचे मलम काही आठवडे लावल्याने सैल पडतो.

गेर्डनर यांनी आणखी एक गोष्ट मोजली. त्या काळी इंग्लंडमध्ये, विशेषतः सुखवस्तू घरांत, कोणत्याही धार्मिक कारणावाचून मुलांची सुंता करण्याची रीत पडली होती. तिच्यामुळे दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे १६ मुले दगावत होती, त्यांतली पुष्कळशी भूल देताना. त्यांच्या लेखानंतर ही रीत तिथे झपाट्याने मागे पडली. अमेरिकेत मात्र ती टिकून राहिली. त्यामुळे या विषयावरील अमेरिकी आणि युरोपीय डॉक्टरांचे सल्ले आजही जुळत नाहीत, आणि वाचणाऱ्याने सल्ला कोणत्या देशातून आला हे आधी पाहावे.

अक्काच्या 'आपल्यात करत नाहीत' या म्हणण्याला एक जुना आधार सापडला, तो तिला फार आवडला. सुश्रुतसंहितेत 'निरुद्धप्रकश' नावाने हाच विकार वर्णिला आहे. त्यावर उपाय सुंतेचा नाही. दोन्ही बाजूंनी उघडी अशी लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तुपात भिजवून आत घालायची आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरून छिद्र हळूहळू रुंदवायचे, असा तो आहे. त्याच प्रकरणात 'अवपाटिका' हाही विकार आहे. अवपाटिका म्हणजे जोर-जबरदस्तीने ही कातडी फाटणे.

अवपाटिकेचे मी मुद्दाम सांगितले. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाया तेल लावून रोज ही कातडी मागे ओढतात. विंचूरलाही तेच चालू होते. न सुटलेले पृष्ठभाग असे ओढून वेगळे केले की आत जखम होते, ती भरताना व्रण राहतो, आणि जो फायमोसिस नव्हता तो खरोखरच होऊ शकतो. बाहेरून पाण्याने धुणे पुरे.

तर 'कातडी मागे जात नाही' हे सुंतेचे कारण बाद झाले. पण लघवीतल्या जंतूंचे काय? तो प्रश्न इतक्या सहज सुटत नाही.

तान्ह्या मुलाच्या अग्रत्वचेच्या आतल्या घडीत आतड्यातील ई. कोलायसारखे जिवाणू ठाण मांडू शकतात आणि तिथून मूत्रमार्गात वर चढतात. सुंता झालेल्या मुलांत हा संसर्ग कमी होतो, हे अमेरिकी लष्करी रुग्णालयांतील नोंदींवरून थॉमस विस्वेल यांनी १९८५ मध्ये दाखवले. त्यावर पुष्कळ वाद झाला. पुढे २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तोवरच्या बारा अभ्यासांतील चार लाखांहून अधिक मुलांची आकडेवारी एकत्र केली. सुंतेने मूत्रसंसर्गाची शक्यता सुमारे ८७ टक्क्यांनी कमी होते, असा निष्कर्ष निघाला.

८७ टक्के! वर्तमानपत्राला एवढा आकडा पुरतो. पण शिक्षकांनी इथे थांबून फळ्यावर थोडे गणित मांडावे. कोणत्या संख्येच्या ८७ टक्के, हा खरा प्रश्न आहे.

निरोगी मुलग्यांत मूत्रसंसर्गाचे प्रमाण साधारण १ टक्का धरतात. म्हणजे १००० मुलांत १०. सर्वांची सुंता केली तर त्यांतले सुमारे ९ संसर्ग टळतील. एक टाळण्यासाठी १११ मुलांची सुंता करावी लागेल. आता दुसरी बाजू. शस्त्रक्रियेत रक्तस्राव, जखमेत जंतू असे काही ना काही २ टक्के मुलांत घडते असे त्या संशोधकांनी धरले. म्हणजे १००० मागे २०. त्यांतले बहुतेक किरकोळ, पण मूत्रसंसर्गही बहुधा औषधांनी बरा होतोच. ९ विरुद्ध २०. सौदा काही फायद्याचा दिसत नाही.

ज्यांना पुन्हा पुन्हा संसर्ग होतो अशी मुले घ्या. त्यांच्यात नव्याने होण्याचा संभव १० टक्के धरला, तर १००० पैकी सुमारे ९० संसर्ग टळतात. आता ९० विरुद्ध २०. काही मुलांत मूत्राशयातील लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते. हा दोष तीव्र असेल तर संसर्गाचा संभव ३० टक्के धरतात. तिथे सुमारे २५० संसर्ग टळतात आणि त्यांतून मूत्रपिंडही वाचू शकते. चार मुलांची सुंता केली की एक संसर्ग टळला. शस्त्रक्रिया तीच, धोका तेवढाच, पण उत्तर उलटे झाले. अनुपाताने लाभ सांगणे आणि प्रत्यक्ष संख्येने सांगणे यांतला फरक शिकवायला मला तरी याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

आमचे बाळ या तीन गटांपैकी कुठे बसते? संसर्ग एकदाच झाला होता. तोही नक्की होता का, ही शंका होती, कारण लघवी पिशवी चिकटवून घेतली होती. अशा नमुन्यात कातडीवरचेच जंतू उतरतात आणि नसलेला संसर्ग दिसतो. नळीने किंवा सुईने थेट मूत्राशयातून घेतलेला नमुना भरवशाचा. भाचा बाळाला घेऊन नाशिकला बालशल्यचिकित्सकांकडे गेला. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे व्यवस्थित दिसली, कुठे फुगवटा नव्हता. शल्यचिकित्सक म्हणाले, "आत्ता थांबू. ताप आला की आधी लघवी नीट तपासायची. पुन्हा संसर्ग झाला तर मात्र सुंतेचा विचार करू, आणि तेव्हा मागे-पुढे पाहू नका."

हे शेवटचे वाक्य मी अक्काला दोनदा ऐकवले. तिची हरकत वैद्यकीय नव्हती, आणि ती नुसती हसण्यावारी नेण्यासारखीही नव्हती. फाळणीच्या दंगलींत माणूस कोणत्या बाजूचा हे ठरवायला ही खूण पाहिली गेली. त्यावर माणसे जगली आणि मेली. ती भीती घराघरांत कुठेतरी उरलेली असते. पण मूत्रपिंडाला धर्म नसतो. उद्या गरज पडली आणि निव्वळ त्या भीतीपायी शस्त्रक्रिया टाळली तर किंमत बाळाने मोजायची, हे तिला पटायला वेळ लागला.

मास्तरांच्या घरात विज्ञानाचे काम वेगळे होते. श्रद्धेने ठरलेली गोष्ट करावी की नाही ते सांगणे माझे काम नव्हते. ती सुखरूप कशी होईल एवढे सांगता येण्यासारखे होते. मुसलमानांत सुंतेचे वय ठरलेले नाही. कोणी सातव्या दिवशी करतात, कोणी पाच-सहा वर्षांनी. ज्यू लोकांत ती आठव्या दिवशी. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल गावोगाव तेल गाळीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनवार तेली' म्हटले जात. ग्रंथ आणि धर्मगुरू यांच्याशी शतकानुशतके संबंध तुटलेले असताना त्यांनी ज्या थोड्या चाली जपल्या त्यांत आठव्या दिवसाची सुंता होती. आठव्या दिवशी रक्त गोठण्याची शक्ती सर्वाधिक असते म्हणून पूर्वजांनी तो दिवस निवडला, असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. मला ही मागाहून जोडलेली सांगड वाटते. नवजात बाळात के जीवनसत्त्व कमी असते आणि पहिल्या आठवड्यात रक्तस्रावाचा धोका असतो, हे खरे; पण आज जन्मतःच त्याचे इंजेक्शन देतात.

मात्र ज्यू परंपरेतील एक निरीक्षण खरोखर थक्क करणारे आहे. एखाद्या स्त्रीचे दोन मुलगे सुंतेनंतर रक्तस्रावाने दगावले तर तिसऱ्याची सुंता करू नये, असा निर्णय तालमूद या ग्रंथात आहे. बहिणींच्या मुलांच्या बाबतीतही तोच विचार तिथे केलेला आहे. रक्त न गोठण्याचा रोग, हिमोफिलिया, आईकडून मुलाकडे येतो हे गुणसूत्रांचा शोध लागण्याआधी दीड हजार वर्षे कोणाच्या तरी ध्यानात आले होते. म्हणून मी मास्तरांना पहिला प्रश्न विचारला तो हाच: सुनेच्या भावांत, मामांत कोणाला रक्त न थांबण्याचा त्रास होता का?

दुसरे पाहायचे ते लघवीचे छिद्र कुठे आहे. दोनशे ते तीनशे मुलग्यांमागे एकात ते टोकाला नसून खालच्या बाजूला असते. अशा मुलात अग्रत्वचाही बहुधा अपुरी असते आणि 'हा जन्मतःच सुंता होऊन आला' म्हणून घरचे आनंदतात. पण हे छिद्र जागेवर आणण्याच्या शस्त्रक्रियेत हीच कातडी वापरावी लागते. ती आधी कापून टाकली तर शल्यचिकित्सकाचे हात बांधले जातात. न्हाव्याच्या वस्तऱ्याविषयी माझी मुख्य तक्रार अस्वच्छतेची नाही, वस्तरा उकळता येतो. या दोन गोष्टी तपासायला तो शिकलेला नसतो आणि बधिर करायचे औषध त्याच्याजवळ नसते, ही माझी तक्रार.

बधिर करण्यावरून सूनबाईच्या प्रश्नाकडे येतो. तान्ह्या बाळाची मज्जासंस्था अपुरी असते, त्याला वेदना कळत नाहीत, असे १९८० पर्यंत पुष्कळ डॉक्टरही मानत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये केलेल्या संशोधनाने ही समजूत मोडली. १९८७ मध्ये त्यांनी नवजातांच्या वेदनेचे पुरावे एकत्र मांडले. दहा वर्षांनी कॅनडात ॲना टॅडिओ यांनी चार ते सहा महिन्यांच्या मुलांचे लसीकरण चित्रित केले. जन्मानंतर बधिर न करता सुंता झालेली मुले सुई टोचल्यावर सुंता न झालेल्यांपेक्षा जास्त कळवळत होती. बधिर करणारे मलम लावून सुंता झालेली मुले या दोहोंच्या मधे होती. बाळाला आठवत नसेल, पण त्याचे शरीर विसरत नाही. तेव्हा, हो, दुखते; आणि स्थानिक भुलीने ते पुष्कळ कमी करता येते.

मास्तरांच्या मुलाने वर्तमानपत्रात वाचले होते की सुंतेने एड्स टळतो. "मग सगळ्यांनीच का करू नये?" त्याचा प्रश्न रास्त होता, आणि त्यातला एक महत्त्वाचा पुरावा आपल्या पुण्यातलाच आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने अमेरिकी संशोधकांसह १९९३ ते २००० या काळात पुण्यातील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या २,२९८ एचआयव्हीमुक्त पुरुषांवर लक्ष ठेवले. सुंता झालेल्यांत एचआयव्हीच्या लागणीचा धोका इतरांच्या सुमारे एक-सप्तमांश आढळला. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. लगेच शंका येते: सुंता झालेले बहुतेक मुसलमान, त्यांचे वागणे वेगळे असेल, कातडीचा संबंध नसेलही. पण त्याच पुरुषांत उपदंश, परमा, नागीण यांच्या लागणीत मात्र फरक नव्हता. वागणे वेगळे असते तर तेही रोग कमी दिसायला हवे होते. म्हणजे कारण कातडीतच असावे. अग्रत्वचेच्या आतल्या पदरात विषाणू ज्यांना धरतो अशा पेशी पृष्ठभागाजवळ असतात. निरीक्षणातूनच निरीक्षणाची परीक्षा घेण्याचा हा नमुना मला फार देखणा वाटतो.

तरी ते निरीक्षणच. पक्का पुरावा चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगांतून आला. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथे २००५ ते २००७ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या तीन चाचण्यांत मोठ्या पुरुषांतली लागण ५० ते ६० टक्क्यांनी कमी झाली. केनियात सुंता केलेल्या गटात २२ जणांना लागण झाली, दुसऱ्या गटात ४७ जणांना. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सुंतेची शिफारस केली, पण ती एचआयव्ही फार पसरलेल्या आणि सुंतेची चाल कमी असलेल्या आफ्रिकी देशांसाठी. भारतात प्रौढांतले प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. पुन्हा तेच गणित: कोणत्या संख्येच्या ६० टक्के? शिवाय पाच महिन्यांच्या बाळाला हा धोका यायला निदान पंधरा-सोळा वर्षे आहेत. तोवर ते स्वतः विचार करण्याइतके मोठे होईल, आणि निरोध तेव्हाही मिळतीलच.

ज्याचे शरीर त्याला विचारले नाही, हा आक्षेप युरोपात जोरात आहे. जर्मनीत कोलोन येथील न्यायालयाने मे २०१२ मध्ये धार्मिक कारणाने केलेली बालकाची सुंता ही शारीरिक इजा ठरवली. डिसेंबरात तिथल्या संसदेने कायदा करून ती आईबापांच्या अधिकारात ठेवली. केरळ उच्च न्यायालयापुढे अशीच मागणी आली, ती मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. मला स्वतःला, वैद्यकीय गरज किंवा श्रद्धा यांपैकी काहीच नसताना निव्वळ 'स्वच्छतेसाठी' तान्ह्या मुलाची सुंता करणे पटत नाही. श्रद्धेने करणाऱ्यांच्या बाबतीत माझे मत इतके ठाम नाही, आणि मास्तरांसमोर मी तसे बोलूनही दाखवले. ते हसले, म्हणाले, "साहेब, तुम्ही आमच्या पोराला दुखणार नाही एवढं बघा, बाकी आम्ही बघतो."

त्यांच्या नातवाची सुंता जूनमध्ये नाशिकच्या दवाखान्यात स्थानिक भूल देऊन झाली. प्लास्टिकचे कडे बांधले होते ते नवव्या दिवशी आपोआप गळून पडले. मिठाईचा खोका अक्काच्या घरी आला. आमच्या बाळाला दिवाळीपर्यंत पुन्हा ताप आलेला नव्हता. अक्काने न्हाऊ घालणाऱ्या बाईंना कातडी ओढू नका म्हणून सांगितले, तेव्हा त्या पाय लांब करून पाटावर बसल्या होत्या. "चाळीस वर्सं झाली बाई, अख्खं गाव माझ्या पायावर न्हालंय," त्या म्हणाल्या. बाळ पालथे घालून पाठीला तेल चोळता चोळता थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मग तो वाण्याच्या घरचा पोरगा मुतताना रडतो, ते त्याच्यामुळंच का?"